मयतीचं पाणी

पाणी अवेळी आलं की आमच्या जुन्नरच्या चढाच्या आळीतली माणसं आधी दारात यायची आणि मग हंडा उचलायची. दारात येऊन एकमेकांना एकच विचारायची, "कोण गेलं?"

परगावच्या वाचकाला यातलं काही कळायचं नाही, म्हणून आधी कामाविषयी सांगतो. मी नगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागात नोकरी केली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कारकून म्हणून लागलो. पुढे नळजोडण्या, तपासणी, तक्रारी हे सगळं माझ्याकडे आलं. जुन्नर म्हटलं की लोकांना किल्ला आठवतो, लेणी आठवतात, अलीकडे बिबट्या आठवतो. नळ कोणाला आठवत नाही. पाहुणे तर उलट आम्हालाच विचारतात, तालुक्यात एवढी धरणं, येडगावला उभं राहिलं तर पलीकडचा काठ धूसर दिसतो, मग तुमच्या गावाला पाण्याची ददात कशी? त्यांना काय सांगायचं? धरण आणि नळ यांच्यामध्ये पंप असतो, वीज असते, गाळ असतो, फुटलेला पाइप असतो आणि आमच्यासारखी माणसं असतात.

मी मूळचा निमगाव सावाचा. बौद्धवस्तीतलं घर. माझ्या आजीने अर्धं आयुष्य विहिरीच्या कडेला रिकामा हंडा घेऊन, वरून कोणी ओतील का याची वाट पाहत काढलं होतं. वडिलांची शाळा सातवीत सुटली. मी जुन्नरच्या कॉलेजात बी.ए. झालो, आमच्या घरातला पहिला. नेमणुकीचा कागद घेऊन घरी गेलो तेव्हा आजीने विचारलं, "कशाचं खातं म्हनायचं हे?"

"पाण्याचं," मी म्हणालो.

तिने कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिला. मग म्हणाली, "मंग कुनाला हंडा घिऊन हुबं ठिऊ नगं बाबा."

ते वाक्य मी नोकरीभर बाळगलं. त्याचं पुढे काय झालं, तेच इथे लिहायचं आहे.

गावाचं पाणी उंचावरच्या टाकीत चढवतात आणि तिथून उताराने खाली सोडतात. एकदम सगळ्या गावाला सोडलं तर कोणालाच पुरत नाही, म्हणून प्रत्येक आळीच्या तोंडाशी रस्त्यात एक खड्डा असतो, त्यावर लोखंडी झाकण आणि आत व्हॉल्व्ह. लांब दांड्याची चावी घालून तो फिरवला की त्या आळीला पाणी जातं. आज या आळीचा वार, उद्या त्या आळीचा. पाणी आपल्या स्वभावाने खालच्या घरांना आधी भेटतं. चढावरच्या घरांपर्यंत ते धापा टाकत पोचतं. चढाच्या आळीचं पालिकेतलं नाव वेगळं होतं, पण लोकांनी तिला तिच्या चढावरूनच ओळखलं. आळीच्या मध्यावर सार्वजनिक नळ होता, दगडी ओटा, दोन तोट्या. बहुतेक घरांचं पाणी तिथूनच भरलं जाई.

आमच्याकडे चावी फिरवायचं काम इस्माईलभाई करत. आळीच्या मध्यावरच त्यांचं घर. उंच, वाकलेले, खांद्यावर चावी टाकून चालले की लांबून माणूस भाला घेऊन निघाल्यासारखा दिसे. मला भाऊसाहेब म्हणत, वयाने माझ्या वडिलांच्या जवळचे असूनही.

आधीच्या कारकुनाने मला काम समजावून दिलं. सगळं सांगून झाल्यावर, खुर्चीतून उठता उठता ते म्हणाले, "आणि हो, मयतीला पाणी सोडायचं. विचारत बसायचं नाही."

याचा कुठे ठराव नव्हता, अर्ज नव्हता. आळीत मयत झाली की तिथला एक माणूस कचेरीच्या दारात येऊन उभा राहायचा. "भाऊसाहेब, मयत झालीय," एवढंच. इस्माईलभाई चावी उचलायचे. आमच्याकडे मयत झाली की घरात भरून ठेवलेलं पाणी ओतून देतात. मग मयताची आंघोळ, खांदेकऱ्यांच्या आंघोळी, घर धुणं. मुसलमानांच्या घरी गुसल, म्हणजे मयताला घालायचं स्नान. या सगळ्याला नवं पाणी लागतं आणि मरण काही आळीचा वार बघून येत नाही.

अवेळी व्हॉल्व्ह उघडला की तोट्यांतून आधी हवा यायची, सुस्कारा टाकल्यासारखी. तो आवाज ऐकून दारं उघडायची. कोण गेलं ते कळायचं. बायका हंडे घेऊन ओट्यापाशी जमायच्या, पण पहिलं पाणी मयतीच्या घराचं. त्या घरच्या बायकांनी त्या दिवशी हंडा उचलायचा नाही, शेजारणींनी नेऊन द्यायचा. घरातून "झालं" असा निरोप आला की मग आळीने आपापलं भरायचं. भांडं आपटायचं नाही, तोंडातून वावगा शब्द काढायचा नाही आणि हंडा डोक्यावर न घेता कमरेवर घ्यायचा. कमरेवरच का, ते कोणालाच माहीत नव्हतं.

या सगळ्याची कारभारीण होती शेवंताआक्का. आळीच्या अगदी वरच्या टोकाला तिचं घर. नवरा लवकर गेलेला, एक मुलगा दत्तू. बाजारपेठेत पाटीवर भाजी विकायची. अंगाने काटकुळी, पण आवाज असा की ओट्यावर तिने "ए!" म्हटलं की खालच्या टोकाची बाई हंडा खाली ठेवायची. कोणाची मयत असो, आक्का तोटीपाशी उभी. "कमळे, तू ने. आता तू. ए भवाने, तुझं मागनं. आधी मेलेल्याचं, मंग जित्याचं."

मी नवीन होतो तेव्हा एकदा तिने मला ओट्यावरच पकडलं.

"नवं भाऊसाहेब तुमीच का?"

"हो आक्का."

"लगीन झालंय?"

"नाही अजून."

"मंग ऐका. पोरगी बघायला जाल तवा तिला इचारा, हंडा भरून आनता येतो का. न्हाई म्हनली तर लगीच हो म्हना. सुखात ऱ्हाल. पानी आननाऱ्या बाईचं तोंड लई वाईट असतं, माज्यावानी."

आणि बायका हसत असतानाच, त्याच आवाजात म्हणाली, "आन् माज्या टायमाला पानी कमी पडलं ना भाऊसाहेब, तर मी तिरडीवरनं उठून बसल. मंग बघा तुमची पळापळ."

ज्या व्यवस्थेवर सही-शिक्का नसतो तिच्यात फसवणूकही होते. एकदा आळीतला एक गृहस्थ कचेरीत आला. चेहरा पडलेला. "भाऊसाहेब, आमची काकी गेली." आम्ही पाणी सोडलं. आळी ओट्यावर जमली, आक्का हंडा घेऊन त्याच्या दारात गेली तर आत रडणं नाही की काही नाही. मागच्या अंगणात गवंडी उभे आणि दोन दिवसांपूर्वी घातलेला स्लॅब. त्यावर पाणी मारायला पिंप लावलेलं.

"काकी कुठाय?" आक्काने विचारलं.

"ठाण्याला वारली," तो म्हणाला. आणि ते खरं होतं. काकी खरोखरच त्या सकाळी ठाण्यात गेली होती.

"काकी ठाण्याला आन् पानी जुन्नरला? लई लांबनं आंगुळ घालतोस की रं तिला!"

आळी आठवडाभर हसली. पण त्या दिवशी हंडे मात्र कोणी भरले नाहीत. आक्काने दोन्ही तोट्या बंद केल्या आणि इस्माईलभाईंना निरोप धाडला, व्हॉल्व्ह मिटा. उन्हाळ्याचे दिवस होते, घराघरात पाण्याची टंचाई होती, तरी एकाही बाईने कुरकुर केली नाही. त्या पाण्याला मयत नव्हती, म्हणून ते कोणाचं नव्हतं.

इस्माईलभाईंची अम्मी गेली ती सकाळची वेळ होती. मी कळताच त्यांच्या घरी गेलो आणि म्हणालो, "भाई, चावी द्या, आज मी फिरवतो." त्यांनी मान हलवली. "अम्मीला पाणी मीच देतो भाऊसाहेब." गेले, खड्ड्यापाशी बसले, झाकण सरकवलं, व्हॉल्व्ह उघडला आणि कपाळ त्या चावीच्या दांड्याला टेकवून थोडा वेळ तसेच बसले. परत आले तोवर आक्का आणि आळीतली कमळ यांनी त्यांच्या दारात हंड्यांची रांग लावली होती. गुसल घालणाऱ्या बायकांना आक्का बाहेरून विचारत होती, "आजून लागंल का गं? लाजू नगा. म्हातारीनं लई पानी पाजलंय आमाला." अम्मी भर उन्हात ओट्यावर थांबलेल्या बायकांना घरातून तांब्या भरून आणून द्यायची, त्याची ती आठवण.

टेलर नानांचं सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्या साली पावसाने ओढ दिली होती. नदीवरच्या विहिरीत पंपाला गाळच लागत होता आणि आळीचा वार चुकून चुकून लांबत गेला होता. नाना कपडे शिवायचे, आळीच्या खालच्या अंगाला. ते अंथरुणाला खिळले. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं. त्यांच्या दारावरून जाणारी प्रत्येक बाई विचारायची, "नाना कसं हायेत?" विचारायची ती मनापासूनच. पण हंडे रिकामे होते आणि त्या प्रश्नात आणखी काहीतरी मिसळलं जाई. विचारणारीला ते कळायचं, ऐकणाऱ्यालाही. बायका विचारायच्या आणि मान खाली घालून निघून जायच्या. मी तक्रारींसाठी आळीत गेलो की मलाही नानांच्या घराकडे बघवत नसे.

एकदा मी भेटायला गेलो तेव्हा नाना उशाला टेकून बसले होते. कमळ खिचडी घेऊन आलेली. नाना तिला म्हणाले, "पोरींना सांग, हंडे घासून ठेवा. मी काय लई येळ लावीत न्हाई."

कमळ तिथेच ओंजळीत तोंड घालून रडली. "नाना, असं नका बोलू."

"का? माज्या पान्याला काय वास येनार हाय व्हय?" नाना हसले. "आयुष्यभर मापं घेतली. मला अंदाज हाय."

नाना गेले. आम्ही टाकीत होतं नव्हतं ते सोडलं. त्यांचं सगळं होऊन घरातून "झालं" असा निरोप आला आणि तरीही एकीनेही आपला हंडा तोटीखाली धरला नाही. पाणी ओट्यावरून वाहून गटारात चाललं होतं. एवढ्या टंचाईत ते बघवत नव्हतं, पण पहिली कोणी व्हायचं? शेवटी आक्का पुढे झाली. "भरा गं," ती म्हणाली. आवाज नेहमीचा नव्हता. "त्यानं सांगून ठिवलंय. न्हाई भरलं तर त्याला वाईट वाटंल." मग त्या भरू लागल्या. इतक्या बायका आणि एवढं पाणी, पण भांड्याचा आवाज नाही. मी ओट्याच्या कडेला उभा होतो. मला आजीची आठवण आली आणि मी मनाशी ठरवलं की हे संपवायचं. कोणाच्या मरणावर कोणाचा हंडा अवलंबून राहता कामा नये.

पुढे नवी टाकी झाली, नवी पाइपलाइन आली आणि घरोघरी नळ द्यायची योजना आली. मी त्यात झोकून देऊन काम केलं. दारोदार गेलो. ज्यांच्याकडे कागद नव्हते त्यांचे मिळवून दिले. ज्या घरात पहिल्यांदा तोटी बसली त्या घरच्या म्हाताऱ्या बायका नळाला हळदकुंकू लावायच्या आणि मला आत बोलावून चहा द्यायच्या. ते दिवस माझ्या नोकरीतले सर्वांत चांगले. नळ सगळ्यांकडे झाल्यावर आळीतला ओटा काढायचा असं ठरलं. तिथे पाणी वाया जातं, घाण होते, भांडणं होतात. कारणं खरीच होती.

विरोध केला एकट्या आक्काने. "ऱ्हाऊ द्या की भाऊसाहेब, तुमचं काय खातोय त्यो?"

"आक्का, तुझ्या घरात आता नळ आहे. डोक्यावर हंडा कशाला?"

"हंड्याचं न्हाई ओ. घरात नळ आला की दार लागतं."

मी तिला समजावलं. आजीची गोष्ट सांगितली. ती ऐकून घेऊन म्हणाली, "तुमची आजी हुबी ऱ्हायली ती लोकांनी तिला येगळं काढलं म्हनून. आमी हुबं ऱ्हातो ते येका जागी. त्यात लई फरक हाय, राव." मग स्वतःच हसली. "जाऊ द्या. तुमी शिकलेलं. काढा." ओटा काढला. तिथे आता दोन मोटारसायकली उभ्या राहतात.

नळ आले, पण पाणी तेवढंच राहिलं. मग कोणीतरी घरातल्या नळाला थेट विजेची मोटार लावली. मोटार पाइपातलं पाणी ओढून गच्चीवरच्या टाकीत चढवते. एकाने लावली की शेजाऱ्याला धार बारीक येते, म्हणून तोही लावतो. हे नियमाबाहेरचं आहे. आम्ही मोटारी जप्त केल्या, पुन्हा लागल्या. खालच्या अंगाच्या मोटारी चालू असल्या की वरच्या टोकाला नुसती करंगळीएवढी धार. आक्काने मोटार घेतली नाही. दत्तू तोवर चाकणला कारखान्यात लागला होता, म्हणाला, मी आणून देतो. तिने साफ नाही म्हटलं. "दुसऱ्याच्या तोंडातलं ओढायचं मशीन माज्या घरात नगं." दत्तू तिला चाकणला चल म्हणायचा, तेही नको. कधी कचेरीवरून जाताना दारात थांबायची. "भाऊसाहेब, तुमचा नळ लई गुनाचा हाय बरं. दिसतो चांगला, बोलत न्हाई." मी बसायला सांगायचो, ती बसायची नाही.

आळीही बदलली होती. जुनी घरं पाडून मजले चढले, भाडेकरू आले. मयतीला पाणी सोडायची रीत आम्ही चालू ठेवली होती, पण मागायला येणारे कमी होत गेले. गच्चीवर टाकी असली की कोणाकडे मागायची गरज पडत नाही.

इस्माईलभाईंचं नोकरीतलं शेवटचं वर्ष होतं. ऐन उन्हाळा. सकाळी कचेरी उघडून बसलो होतो. दारात दत्तू येऊन उभा राहिला, सुट्टीला बायकोला घेऊन चाकणहून आलेला. आत आला नाही. जुन्या रीतीप्रमाणे तिथूनच म्हणाला, "भाऊसाहेब, आई गेली."

मी उठलो. इस्माईलभाई आधीच उठले होते. टाकी जवळजवळ तळाला गेली होती. सकाळी दुसऱ्या भागाला पाणी देऊन झालं होतं. ते म्हणाले, "थोडंच आहे. पण सरळ वर गेलं तर तिचं होऊन जाईल." चावी खांद्यावर टाकून ते निघाले. आळीच्या तोंडाशी त्यांनी झाकण सरकवलं आणि व्हॉल्व्ह उघडला. मी आणि दत्तू चढ चढू लागलो.

पाइपात हवा सुटल्याचा तो सुस्कारा दोन्ही बाजूंच्या घरांतून ऐकू आला. मी नकळत दारांकडे बघू लागलो. आता उघडतील, कोणीतरी विचारील, कोण गेलं.

पहिली मोटार अगदी खालच्या घरात सुरू झाली. मग समोरच्या घरात, मग तिच्या शेजारी. आम्ही चढत होतो आणि तो घरघराट आमच्या पुढे पुढे चढत होता. दार एकही उघडलं नाही.

आक्काच्या घरी बायकांनी बाहेर तीन दगडांची चूल पेटवून पातेलं ठेवलं होतं, रिकामंच. घरातलं भरलेलं पाणी रीतीप्रमाणे ओतून दिलेलं. दत्तूची बायको तोटीखाली बादली धरून बसली होती. थेंब नव्हता. "भाऊजी, हिकडं बघा," ती मला म्हणाली आणि तिने तळहात तोटीला लावला. नळ तिचा हात आत ओढत होता. खालच्या मोटारींनी पाइपातली हवासुद्धा ओढायला सुरुवात केली होती.

मी धावत खाली आलो. पहिलं दार वाजवलं. एक तरुण भाडेकरू बाहेर आला, हातात टूथब्रश. "आज आपला वार नाही ना? तरी पाणी आलं म्हटलं, लावून टाकली मोटार."

"बंद करा. वर मयत झालीय."

"अरेरे. कोण?"

"शेवंताआक्का."

"ओह," तो म्हणाला. त्याने मोटार बंद केली, लगेच केली. त्याच्या चेहऱ्यावर मला वाईटपणा दिसला नाही. त्याला ते नाव माहीत नव्हतं, एवढंच.

कमळच्या घराच्या भिंतीवरून पाणी ओघळत होतं. गच्चीवरची टाकी भरून वाहत होती. आता तिचेही केस पांढरे झाले होते. दार उघडताच म्हणाली, "या भाऊसाहेब. पानी वाढीवलं का काय तुमी? लई बेस केलं."

"कमळताई, आक्का गेली."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीवरून येणाऱ्या पाण्याकडे पाहिलं. "म्हंजी हे..." ती म्हणाली. आत जाऊन मोटार बंद केली. माळ्यावरून जुना तांब्याचा हंडा काढल्याचा आवाज मला रस्त्यावर ऐकू आला.

मी एकेक दार करत गेलो. नाही कोणीच म्हणालं नाही. पण मी शेवटच्या दारापर्यंत पोचलो तेव्हा खालून इस्माईलभाई आले आणि त्यांनी नुसता हात हलवला. टाकी संपली होती. पाइपात राहिलं असेल तेवढंच.

परत वर गेलो तोवर दत्तूच्या मित्रांनी बाजारपेठेतून फिल्टरच्या पाण्याचे जार आणले होते, लग्नकार्यात पाहुण्यांना प्यायला ठेवतात तसले. बर्फासारखं गार पाणी. ते पातेल्यात ओततानाच दत्तूची बायको रडत म्हणत होती, "चांगलं तापू द्या गं, गार पाण्यानं त्यांची हाडं दुखायची." चुलीत आणखी लाकडं घातली. तापायला वेळ लागला. विकतच्या पाण्याने आक्काची आंघोळ झाली.

तिरडी बांधून होत आली तेव्हा कमळ चढ चढून आली. हंडा कमरेवर होता, काठोकाठ भरलेला. ती दारात थांबली. आतून कोणीतरी सांगितलं, "झालं." तोच शब्द. पण हंडा कुठे ठेवायचा ते तिला कोणी सांगितलं नाही. सांगणारी तिरडीवर होती. कमळ तशीच उभी राहिली, पाणी हिंदकळून तिच्या लुगड्यावर सांडत राहिलं.

तिरडी उचलली आणि त्याच वेळी घरातली तोटी खाकरली. खालच्या मोटारी बंद झाल्या होत्या. पाइपात उरलेलं पाणी आपल्या चालीने वर चढून आलं होतं. गडबडीत उघड्या राहिलेल्या तोटीची धार बादलीत पडू लागली. सगळ्यांनी ऐकलं. खांदेकरी जागच्या जागी थांबले. मी तिरडीकडे बघत राहिलो. माझ्यासारखंच आणखी कोणाला तिचं ते बोलणं आठवलं असेल का, माहीत नाही. आक्का काही उठून बसली नाही.

इस्माईलभाई आत गेले आणि वाकून त्यांनी तोटी बंद केली. बाहेर येऊन खांदा दिला.

त्यानंतर चढाच्या आळीतून मयतीच्या पाण्यासाठी कचेरीत कोणी आलं नाही. पुढच्या कारकुनाला काम समजावून देताना मी सगळं सांगितलं, उठता उठता सांगायचं ते वाक्य मात्र राहू दिलं. नळजोडण्या देण्याचं काम चुकलं असं मी आजही म्हणत नाही. माझ्या आजीसारखी एकही बाई आता त्या आळीत हंडा घेऊन उभी नसते. या खात्याने माझं घर उभं केलं, मुलं शिकली, त्याचे उपकार मी विसरणार नाही. पण नोकरीचा हिशोब मांडायला बसलो की मला घरोघरची हळदकुंकू लावलेली तोटी आठवत नाही. आक्काच्या सुनेचा तळहात ओढून घेणारी तोटी आठवते.

आता मी गावातच, दुसऱ्या आळीत राहतो. कधीतरी अवेळी नळात हवा वाजते. कुठे पाइप दुरुस्त झालेला असतो, कुठे व्हॉल्व्ह चुकून उघडा राहिलेला असतो. मी हातातलं सोडून दारात जाऊन उभा राहतो आणि समोरच्या बंद दारांकडे बघतो.

आतून बायको ओरडते, "अहो, आधी मोटार लावा. जाईल ना पाणी."